दुसऱ्या राज्यातलं भाड्याचं घर कोणाच्या नावावर घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. आमची भाड्याने दिलेली तीन घरं मात्र इथे नाहीत: दोन टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला आणि एक ओहायोत, कोलंबसजवळ. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतं घर घेतानाच दमछाक होते. त्यामुळे भाड्यासाठी घर घ्यायचं म्हटलं की ओळखीतले बहुतेक मराठी लोक टेक्सास, ओहायो, टेनेसी, फ्लोरिडा असंच काहीतरी बघतात. मग मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या शाळेबाहेर, कुणाच्या तरी वास्तुशांतीला तेच प्रश्न येतात. एलएलसी काढली का? वायोमिंगची काढली का? बँक काही म्हणाली का? (एलएलसी म्हणजे घर नावावर ठेवण्यासाठी काढलेली छोटी कंपनी, जिची देणी सहसा तिच्यापुरतीच राहतात.) ते सगळे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. मी वकील नाही आणि सीपीएही (परवानाधारक हिशेबनीस) नाही. शेवटची सही करण्याआधी, घर ज्या राज्यात आहे तिथल्या वकिलाला आणि तुमच्या सीपीएला जरूर विचारा.

एलएलसी काढलीच पाहिजे का?

नाही. अमेरिकेत एक-दोन घरं भाड्याने देणारे असंख्य लोक ती स्वतःच्या नावावर ठेवतात आणि त्यात बेकायदा किंवा वेडेपणाचं काही नाही. स्वतःच्या नावावर घर असलं की कर्ज स्वस्त मिळतं, कागद कमी लागतात आणि दरवर्षीची फी नसते.

एलएलसीचा विचार तीन कारणांनी करावा: स्वतःची बरीच मालमत्ता साठलेली असेल, एकापेक्षा जास्त घरं असतील, किंवा नवरा-बायकोव्यतिरिक्त कुणी भागीदार असेल. घर दुसऱ्या राज्यात आहे एवढ्याच कारणाने एलएलसी लागत नाही. पण घर दुसऱ्या राज्यात असल्यामुळे एलएलसीचा खर्च आणि किचकटपणा दुप्पट होतो, कारण आता दोन राज्यांचे नियम लागू होतात: घर जिथे आहे तिथले आणि तुम्ही जिथे राहता तिथले. बहुतेकांचं लक्ष पहिल्यावर असतं आणि पैसे जातात दुसऱ्यामुळे.

एलएलसी नेमकं कशापासून वाचवते?

समजा भाडेकरूकडे आलेला पाहुणा तुमच्या घराच्या जिन्यावरून पडला आणि त्याने दावा लावला. घर एलएलसीच्या नावावर असेल तर दावा एलएलसीवर होतो. निकाल विरुद्ध गेला तर ते घर आणि एलएलसीच्या खात्यातले पैसे जाऊ शकतात, पण तुमचं राहतं घर आणि बँकेतली बचत सहसा सुरक्षित राहते. एलएलसीचं मुख्य काम एवढंच आहे.

कशापासून वाचवत नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे. तो जिना तुम्ही सुट्टीत जाऊन स्वतःच्या हाताने दुरुस्त केला असेल आणि तोच मोडला, तर निष्काळजीपणा तुमचा ठरू शकतो आणि तुम्ही व्यक्तिशः अडकता. कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर त्या हमीतून एलएलसी सोडवत नाही. आणि एलएलसीच्या खात्यातून तुम्ही घरचा किराणा भरत असाल, भाडं स्वतःच्या खात्यात घेत असाल, करारावर स्वतःच्या नावाने सही करत असाल, तर समोरचा वकील कोर्टाला सांगेल की ही एलएलसी नावापुरतीच आहे. कोर्टाला ते पटलं तर तुमच्या आणि एलएलसीच्या मधली भिंत राहत नाही. म्हणून वेगळं खातं उघडा, भाडेकरार एलएलसीच्या नावाने करा आणि सही करताना खाली 'मॅनेजर' किंवा 'मेंबर' असं लिहा. एकट्याच्या एलएलसीलाही कारभाराचे नियम लिहून ठेवणारं ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट हवंच.

मग आधी काय करावं?

विमा. यावर माझं मत ठाम आहे. एलएलसी दावा एका घरापुरता मर्यादित ठेवते, पण तो लढायला वकील देत नाही. विमा कंपनी वकील देते आणि पैसेही देते. जिन्यावरून पडलेल्या माणसाचा दावा आला की पहिला फोन विमा कंपनीला जातो.

राहत्या घराची पॉलिसी भाड्याच्या घराला चालत नाही. घरमालकासाठीची वेगळी पॉलिसी लागते आणि तिच्यातली लायबिलिटीची (दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईची) रक्कम वाढवून घ्यावी. त्यावर अंब्रेला पॉलिसी घ्या, म्हणजे मूळ पॉलिसीची मर्यादा संपली की पुढची भरपाई देणारी पॉलिसी. दहा लाख डॉलरच्या संरक्षणाला साधारणपणे वर्षाला काही शे डॉलर पडतात. एक-दोन घरं असलेल्या कुटुंबाला मी हेच सांगते: आधी हे करा, वर्षभर थांबा, मग एलएलसीचं बघू.

एक अट मात्र लक्षात ठेवा. घर एलएलसीच्या नावावर गेलं की तुमची घरगुती अंब्रेला पॉलिसी त्या घराला बऱ्याचदा लागू होत नाही. त्यासाठी एलएलसीच्या नावाने वेगळी, व्यावसायिक पॉलिसी घ्यावी लागते.

एलएलसी वायोमिंगची काढावी की डेलावेअरची? सगळे व्हिडिओ तर तेच सांगतात.

आम्हीही एका वेबिनारनंतर वायोमिंगची काढली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वायोमिंगची जाहिरात अशी असते: वार्षिक फी कमीत कमी ६० डॉलर, राज्याचा आयकर नाही, मालकाचं नाव सार्वजनिक नोंदीत येत नाही. हे सगळं खरं आहे. डेलावेअरला दरवर्षी ३०० डॉलर लागतात, पण तिथली कोर्टं कंपनी कायद्यात मुरलेली आहेत, हेही खरं. प्रश्न असा की घर वायोमिंगमध्ये नाही.

टेक्सासमधलं घर भाड्याने देणारी वायोमिंगची एलएलसी टेक्सासच्या दृष्टीने परराज्यातली कंपनी असते आणि तिला टेक्सासमध्ये नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीची फी ७५० डॉलर आहे. टेक्सासचीच एलएलसी काढायची फी ३०० डॉलर. म्हणजे बाहेरून आणलेली एलएलसी पहिल्याच दिवशी महाग पडते, वर दोन्ही राज्यांत रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने कोर्टाची कागदपत्रं घेणारा) ठेवावा लागतो. नोंदणी टाळली तर भाडेकरूविरुद्ध कोर्टात जायची वेळ येते तेव्हा अडचण होते, कारण नोंदणी नसलेल्या परराज्यातल्या कंपनीला त्या राज्याच्या कोर्टात दावा लावता येत नाही. शिवाय घराबाबत वाद झाला तर तो घर जिथे आहे तिथल्या कोर्टात, तिथल्या कायद्याने चालतो. वायोमिंगचा कायदा जिन्यावरून पडलेल्या माणसाला अडवत नाही.

वायोमिंगचं जे खास संरक्षण सांगतात ते उलट्या दिशेचं आहे. तुमचं वैयक्तिक देणं वसूल करायला आलेल्या माणसाला एलएलसीतली मालमत्ता सहज उचलता येऊ नये, यासाठी ते असतं. त्यालाही मर्यादा आहेत. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एकट्या सभासदाच्या एलएलसीबाबत असं संरक्षण नाकारलं होतं.

आम्ही दोन वर्षांनी वायोमिंगची एलएलसी बंद केली. माझं उत्तर सरळ आहे: एलएलसी काढायचीच असेल तर घर ज्या राज्यात आहे त्या राज्याची काढा.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. टेक्सासच्या एलएलसीवर कॅलिफोर्नियाचा काय संबंध?

हा प्रश्न बहुतेक लोक एलएलसी काढून झाल्यावर विचारतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

तुम्ही फ्रीमाँट किंवा सनीवेलमध्ये बसून त्या घराचे निर्णय घेता, भाडं किती ठेवायचं ते ठरवता, घर सांभाळणाऱ्या मॅनेजरला ईमेल करता, चेकवर सही करता. कॅलिफोर्नियाच्या फ्रँचाइज टॅक्स बोर्डाच्या, म्हणजे राज्याच्या कर खात्याच्या मते ती एलएलसी कॅलिफोर्नियातच व्यवसाय करते, घर कुठेही असो. मग तिला दरवर्षी ८०० डॉलर किमान कर भरावा लागतो. नफा झाला नाही तरी भरावा लागतो, आणि एलएलसीच्या वार्षिक रिटर्नचा फॉर्म ५६८ ही भरावा लागतो. एलएलसीची कॅलिफोर्नियातली एकूण आवक अडीच लाख डॉलरच्या वर असेल तर वेगळी फी लागते, पण एक-दोन घरांचे मालक तिथवर जात नाहीत.

२०१७ मध्ये स्वार्ट एंटरप्रायझेस या कंपनीच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने करदात्याच्या बाजूने निकाल दिला. लोक तो दाखवून म्हणतात, 'बघा, भरावं लागत नाही.' पण त्या कंपनीचा वाटा एका मोठ्या फंडात फक्त ०.२ टक्के होता आणि कारभारात तिचा काही हात नव्हता. तुमच्या एलएलसीत तुम्ही शंभर टक्के मालक आणि तुम्हीच मॅनेजर. हा निकाल तुमच्या कामाचा नाही.

आता हिशेब करा. घराचं भाडं १,९०० डॉलर, त्यातून हप्ता, घरपट्टी, विमा, मॅनेजरची फी आणि दुरुस्त्या जाऊन महिन्याला दीडशे डॉलर उरले, तर वर्षाचे झाले १,८००. त्यातले ८०० कॅलिफोर्नियाला गेले. एका घरासाठी एलएलसी नको असं मी कॅलिफोर्नियातल्या लोकांना का सांगते, त्याचं कारण हा हिशेब आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आम्हालाही असंच?

नाही. एकट्याच्या एलएलसीवर असा ठोक ८०० डॉलरचा कर न्यू जर्सीत नाही. तिथे राहणाऱ्यांचा निर्णय वेगळा पडू शकतो. न्यू यॉर्कमध्ये एलएलसी काढली किंवा बाहेरची नोंदवली तर १२० दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते आणि मॅनहॅटनमध्ये ती जाहिरात चांगलीच महाग पडते. मॅसॅच्युसेट्समध्ये वार्षिक अहवालाची फीच ५०० डॉलर आहे. ओहायोत मात्र ९९ डॉलरमध्ये एलएलसी निघते आणि वार्षिक अहवाल द्यावा लागत नाही. टेनेसीत घर असेल तर जपून: तिथे व्यक्तीच्या भाड्यावर राज्याचा आयकर नाही, पण एलएलसीवर ६.५ टक्के एक्साइज टॅक्स (नफ्यावरचा कर) आणि शिवाय फ्रँचाइज टॅक्स (राज्यात कंपनी चालवण्याचा कर) आहे. कुटुंबाच्या एलएलसीला सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

एलएलसीने कर वाचतो का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. एका सभासदाची एलएलसी केंद्रीय आयकराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. भाडं आणि खर्च तुमच्या रिटर्नमध्ये शेड्यूल ईवरच (भाड्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यावर) येतात, जसे स्वतःच्या नावावर घर असताना येतात. घसारा तोच: इमारतीची किंमत २७.५ वर्षांत विभागायची, म्हणजे जमीन वगळून २,७५,००० डॉलरच्या इमारतीला वर्षाला १०,०००. व्याज, घरपट्टी, विमा, मॅनेजरची फी, घर बघायला केलेला प्रवास या सगळ्या वजावटी एलएलसी असो वा नसो, सारख्याच.

दोघं आयटीत असलेल्या घरांना आणखी एक गोष्ट लागू होते. भाड्यातला तोटा पगारातून वजा करायची २५,००० डॉलरची सवलत उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. तो तोटा वाया जात नाही, पुढे ओढला जातो आणि घर विकताना उपयोगी पडतो. एलएलसी काढून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

राज्यांचे कर वेगळे. ओहायोच्या भाड्यावर ओहायोत अनिवासी म्हणून रिटर्न भरा आणि घरच्या राज्यात त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घ्या. कोलंबस शहर स्वतःचा २.५ टक्के आयकर घेतं आणि तो बाहेरच्या मालकाच्या भाड्याच्या निव्वळ नफ्यालाही लागतो. हा कर पहिल्या वर्षी हमखास राहून जातो. टेक्सासमध्ये आयकर नाही, पण तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर टेक्सासचं भाडंही कॅलिफोर्नियात करपात्र आहे. टेक्सासच्या फ्रँचाइज टॅक्सची करमुक्त मर्यादा २०२४ मध्ये २४,७०,००० डॉलर होती, म्हणजे घरगुती मालकाला तो कर नाही. माहितीचा वार्षिक अहवाल मात्र द्यावा लागतो.

एलएलसीत नवरा-बायको दोघं असावेत का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. दोन सभासद झाले की आयआरएसच्या (केंद्रीय आयकर खात्याच्या) लेखी ती भागीदारी होते: भागीदारीच्या रिटर्नचा फॉर्म १०६५, दोघांना आपापल्या वाट्याचं विवरण म्हणजे के-१, आणि मुदत १५ मार्च. मुदत चुकली तर प्रत्येक भागीदारामागे दरमहा दोनशे डॉलरहून जास्त दंड लागतो. हे रिटर्न करून द्यायला सीपीए वेगळे पैसे घेतो, ते वेगळंच.

पण कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, नेवाडा अशा नऊ राज्यांत विवाहानंतरची कमाई दोघांची सामाईक मालमत्ता मानतात. तिथल्या जोडप्याच्या एलएलसीला २००२ च्या आयआरएस नियमानुसार एकाच मालकाची समजता येते आणि फॉर्म १०६५ टळतो. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय या राज्यांत ही सोय नाही. तिथे एकाच्या नावाची एलएलसी करा, नाहीतर घर सरळ दोघांच्या नावावर ठेवा. ज्याचं नाव नाही त्याचं मन दुखावू नये म्हणून दोघांची नावं घालणारे मी पाहिले आहेत. मृत्युपत्र आणि ट्रस्ट नीट केला तर नाव नसलेल्या जोडीदाराचा हक्क सुरक्षित ठेवता येतो.

घर आधीच आमच्या नावावर आहे आणि कर्ज चालू आहे. आता एलएलसीत टाकलं तर बँक सगळं कर्ज एकदम मागेल का?

मागू शकते. बहुतेक गृहकर्जांत कलम असतं की मालकी बदलली तर बँक उरलेलं सगळं कर्ज ताबडतोब मागू शकते. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने काही बदलांना यातून सूट दिली, जसं वारसाहक्काने किंवा जोडीदाराकडे होणारं हस्तांतर. एलएलसीला सूट नाही.

व्यवहारात चित्र थोडं सौम्य आहे. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेने १ जून २०१६ नंतर विकत घेतलेल्या कर्जांबाबत नियम केला आहे: कर्जदाराच्याच ताब्यातल्या किंवा बहुसंख्य मालकीच्या एलएलसीला घर दिलं तर चालतं. पण पुढे रीफायनान्स करायचं असेल तर घर परत व्यक्तीच्या नावावर आणावं लागतं. तुमचं कर्ज फॅनी मेकडे आहे का ते तिच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघता येतं. नसेल तर कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. 'हप्ते वेळेवर असले की कुणी बघत नाही' हे बरेचदा खरं ठरतं. पण तुमचं कर्ज तीन टक्क्यांचं असेल आणि बाजारात सात चालू असेल, तर बँकेला ते परत मागण्यात फायदा आहे. असं स्वस्त कर्ज मी तरी पणाला लावणार नाही.

खत बदलताना आणखी काय सांभाळायचं?

विमा त्याच दिवशी बदला. हे मी अनुभवाने सांगते. सॅन अँटोनियोचं पहिलं घर आम्ही एलएलसीच्या नावावर केलं, पण पॉलिसीवर आमचीच नावं राहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, वीज गेली आणि आमच्या घरातला पाइप फुटला. विमा कंपनीने विचारलं, घराचा मालक कोण? पॉलिसीवर आमचं नाव, काउंटीच्या नोंदीत एलएलसीचं. दावा कित्येक महिने लटकला. तोवर भाडेकरूच्या दोन मुलांच्या खोलीत ओला गालिचा आणि उखडलेली भिंत होती. ते कुटुंब समजूतदार होतं म्हणून राहिलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण चूक एका फोनने टळली असती.

टायटल इन्शुरन्सचंही (मालकी हक्कात दोष निघाला तर भरपाई देणाऱ्या विम्याचंही) बघा. क्विटक्लेम डीडने (मालकीची हमी न देणाऱ्या खताने) घर एलएलसीला दिलं तर जुन्या टायटल पॉलिसीचं संरक्षण जाऊ शकतं. हमी देणारं खत, म्हणजे वॉरंटी डीड वापरा आणि टायटल कंपनीला आधी विचारा. हस्तांतराचा करही बघा. टेक्सासमध्ये तो नाहीच. पेनसिल्व्हेनियात मात्र स्वतःच्याच एलएलसीला घर दिलं तरी राज्याचा एक टक्का आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक एक टक्का लागतो: अडीच लाखांच्या घराला ५,००० डॉलर. तिथे ठरवायचं ते घर घेण्याआधीच ठरवा.

मग सुरुवातीलाच एलएलसीच्या नावाने कर्ज का घेऊ नये?

घेता येतं. फॅनी मे आणि तिच्यासारख्याच फ्रेडी मॅकची स्वस्त, तीस वर्षांची कर्जं व्यक्तीलाच मिळतात. एलएलसीला घराच्या भाड्यावर बेतलेलं डीएससीआर कर्ज मिळतं. त्यात तुमचा पगार बघत नाहीत, पण व्याज जास्त असतं, डाउन पेमेंट जास्त लागतं, लवकर फेडलं तर बहुधा दंड असतो आणि वैयक्तिक हमीही मागतात. व्यक्तीच्या नावावर फॅनी मेची दहा घरांची मर्यादा संपते तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो.

प्रत्येक घराला वेगळी एलएलसी हवी का? आणि सीरीज एलएलसी?

तत्त्वतः वेगळी असली तर एका घराचा दावा दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. सीरीज एलएलसीत एकाच छत्राखाली अशी वेगळी कप्पेवारी करता येते. डेलावेअरने ती १९९६ मध्ये आणली आणि टेक्सासमध्ये २००९ पासून आहे. पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला प्रत्येक कप्प्यावर वेगळे ८०० डॉलर लागू शकतात. दोन-तीन साधारण घरांना एका राज्यात एक एलएलसी पुरे, असं माझं मत आहे. घरांत स्वतःचा पैसा बराच साठला, कर्ज फिटत आलं, की वेगळं करायचा विचार करावा.

एस कॉर्पोरेशन?

हा कंपनीचा एक प्रकार, ज्याचा नफा थेट भागधारकांच्या रिटर्नमध्ये येतो. भाड्याच्या घरासाठी नको. घर आत घालणं सोपं, बाहेर काढणं महाग: बाहेर काढताना बाजारभावाने विकल्यासारखा कर लागतो. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांना घराची किंमत नव्याने धरून मिळणारा करलाभ शेअर्सना मिळतो, आतल्या घराला मिळत नाही. आणि तुम्ही भारतात परत जाऊन करासाठी अनिवासी परदेशी झालात, तर एस कॉर्पचे भागधारक राहूच शकत नाही.

आमच्यानंतर मुलांना त्रास होऊ नये यासाठी काय?

दावे आपण रोज कल्पतो, मृत्यूचं बोलायचं टाळतो. पण परराज्यातल्या घरासाठी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. घर स्वतःच्या नावावर आणि घर दुसऱ्या राज्यात असेल, तर वारसांना दोन ठिकाणी प्रोबेट (मालमत्ता वारसांकडे देण्याची कोर्टाची प्रक्रिया) करावं लागतं: एकदा तुमच्या राज्यात आणि एकदा घराच्या राज्यात. दुसऱ्या ठिकाणी वेगळा वकील, वेगळी फी, कित्येक महिने.

यावर तीन उपाय आहेत. रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्टच्या (हयातीत केव्हाही बदलता येणाऱ्या ट्रस्टच्या) नावावर घर ठेवलं तर प्रोबेट टळतं. कर वाचत नाही, दाव्यापासून संरक्षणही नाही. एलएलसी असेल तर तिची मालकी ट्रस्टला द्यावी. एलएलसीतला वाटा जंगम मालमत्ता मानला जात असल्यामुळे दुसऱ्या राज्यातलं प्रोबेट लागत नाही. आणि तिसरा, सर्वांत स्वस्त: टेक्सास आणि ओहायोसारख्या राज्यांत 'माझ्यानंतर हे घर अमुकचं' असा दस्त काउंटीत नोंदवता येतो. टेक्सासमध्ये ही सोय २०१५ पासून आहे. एका घराच्या मालकाने एलएलसीवर पैसे घालण्याआधी हा दस्त तरी करून ठेवावा.

आम्ही चार मित्र मिळून फोरप्लेक्स (चार बिऱ्हाडांची इमारत) घेतोय.

मग एलएलसी हवीच, आणि तिच्याइतकंच ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट हवं. मैत्री आहे म्हणून ते टाळू नका; मैत्री टिकावी म्हणून ते लिहा. एकाला पैसे परत हवे झाले तर किंमत कशी ठरवायची? छप्पर बदलायला वीस हजार लागले आणि एकाने दिले नाहीत तर? घटस्फोट झाला, कुणी वारलं, कुणी पुण्याला परत गेलं तर? विकायला किती जणांची संमती लागेल? हे सगळं घर घेण्याआधी एका टेबलाभोवती बसून बोला.

करात एक अडचण येते. एलएलसीने घर विकलं तर १०३१ एक्स्चेंज (एक घर विकून दुसरं घेताना नफ्यावरचा कर पुढे ढकलायची सोय) एलएलसीच करू शकते, प्रत्येक जण आपल्या वाट्याचं स्वतंत्रपणे नाही. त्यासाठी काही जण सह-मालक म्हणून चौघांची नावं खतावर घालतात. पण तसं केलं की चौघांपैकी कुणीही कोर्टात जाऊन वाटणी मागू शकतो.

मी एच-१बीवर आहे. एलएलसी चालते का?

घर घेणं, एलएलसीचा मालक असणं आणि भाडं मिळणं याला हरकत नाही. ती गुंतवणूक आहे. पण त्या एलएलसीसाठी काम करणं, म्हणजे रंगकाम, दुरुस्ती, रोजचं व्यवस्थापन, हे परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं. प्रॉपर्टी मॅनेजर नेमा आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढल्यावर हा धोका घेऊ नये.

भाडेकरूने भाडं थांबवलं. एलएलसी असली तर काही फरक?

हो. स्वतःच्या नावावर घर असेल तर स्वतः कोर्टात उभं राहता येतं. कंपनीचं घर असेल तर अनेक राज्यांत वकील सक्तीचा असतो. ओहायोत तसंच आहे. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात) मात्र एलएलसीचा मालक वकिलाशिवायही चालतो. जाता जाता: ओहायोच्या मोठ्या काउंटीत भाड्याचं घर काउंटीत नोंदवावं लागतं आणि मालक राज्याबाहेर असेल तर सहसा ओहायोत राहणारा एजंट नेमावा लागतो.

मालकांची माहिती सरकारला कळवायचा तो नवा फॉर्म भरायचा का?

२०२४ मध्ये सुरू झालेला तो नियम अमेरिकेत काढलेल्या एलएलसींना मार्च २०२५ पासून लागू नाही. त्यासाठी पैसे मागणारी पत्रं अजून येतात. ती केराच्या टोपलीत टाका.

आम्ही काही वर्षांनी भारतात परत जाणार आहोत. घर ठेवायचं आहे. कोणाच्या नावावर बरं?

परत गेल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांचा दर्जा 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा असतो आणि अमेरिकेतल्या भाड्यावर भारतात कर लागत नाही. त्यानंतर जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र होतं आणि हे घर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दरवर्षी दाखवावं लागतं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. घर ठेवायला मात्र अडचण नाही: परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता फेमाच्या (भारताच्या परकीय चलन कायद्याच्या) कलम ६(४) खाली ठेवता येते.

एलएलसीचा गुंता इथे होतो. घर स्वतःच्या नावावर असेल तर दोन्ही देश ते तुमचंच उत्पन्न मानतात आणि अमेरिकेत भरलेल्या कराचं क्रेडिट भारतात मागता येतं. भारताच्या हिशेबात घसारा नाही, ३० टक्के ठोक वजावट आहे, म्हणून आकडे जुळत नाहीत, पण रस्ता स्पष्ट आहे. एलएलसी असेल तर अमेरिका म्हणते ती नाहीच, सगळं तुमचं. भारत म्हणू शकतो की ती वेगळी कंपनी आहे आणि तुम्हाला मिळालं तो लाभांश. मग अमेरिकेत तुम्ही भाड्यावर भरलेला कर भारतात लाभांशावरच्या करातून वजा करायला वाद घालावा लागतो. परत जाणं नक्की असेल तर मी एलएलसी टाळीन.

नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर आणखी दोन गोष्टी. अनिवासी परदेशी मालकाच्या भाड्यावर खर्च वजा न करता सरसकट ३० टक्के कर कापला जातो; निव्वळ उत्पन्नावर कर भरायचा पर्याय अनिवासींचं रिटर्न, म्हणजे १०४०-एनआर भरताना निवडावा लागतो. विकताना किमतीच्या १५ टक्के रक्कम साधारणतः कापून घेतात. आणि अशा मालकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या मालमत्तेवरच्या इस्टेट टॅक्सला फक्त ६०,००० डॉलरची सूट आहे. भारत-अमेरिकेत आयकराचा करार आहे, इस्टेट टॅक्सचा नाही. वडिलांचं असं घर वारसाने आलं आणि मुलांना हे तेव्हाच कळलं, असं होऊ देऊ नका.

भारतातल्या एचयूएफसारखं (हिंदू अविभक्त कुटुंबासारखं) इथे काही आहे का?

नाही. त्या कामासाठी इथे ट्रस्ट वापरतात.

तुम्ही स्वतः काय केलं आहे?

सॅन अँटोनियोची दोन्ही घरं टेक्सासच्या एका एलएलसीत आहेत आणि एलएलसी आमच्या लिव्हिंग ट्रस्टच्या मालकीची आहे. कॅलिफोर्नियाचे ८०० डॉलर दोन घरांवर विभागले जातात. कोलंबसचं घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, कारण त्यावरचं कर्ज स्वस्त आहे आणि ते आम्हाला हलवायचं नाही. एक गेला तर घर दुसऱ्याकडे आणि दोघांनंतर मुलींकडे जावं, असा दस्त फ्रँकलिन काउंटीत नोंदवला आहे. प्रत्येक घराला घरमालकाची पॉलिसी आहे. कोलंबसच्या घरावर आमची अंब्रेला, सॅन अँटोनियोच्या घरांवर एलएलसीच्या नावाची वेगळी. दर जानेवारीत मी तिन्ही पॉलिसींवरचं नाव आणि काउंटीच्या नोंदीतलं नाव शेजारी ठेवून ताडून बघते.